हवेत ठोकलेली शीव

माईक माझ्या हातात द्यायलाच नको होता. असं आता सगळं हॉक्सवेल गाव म्हणतं. मीही म्हणतो, फक्त जरा हळू आवाजात.

बुधवारची दुपार होती. गावच्या हॉलमध्ये चहा, अंड्याची सँडविचेस आणि मिसेस म्यू यांचा केक, जो कापायला दोन माणसं लागतात. दुसऱ्या दिवशी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, शिवेची फेरी निघायची होती. वर्षातून एकदा आम्ही गावाची शीव चालून जातो आणि तिच्या प्रत्येक धोंड्यावर सोललेल्या विलोची काठी ठोकतो. का ठोकतो, हे विचारलं की म्हातारी माणसं अशी बघतात की जणू आपण जेवतो का असं विचारलं. ती काठी गेली तीस वर्षं रुबेन चेव्हर्टनच्या हातात होती. तीस वर्षं झाली म्हणून त्याचा सत्कार करायचा, ही कल्पना माझी. आमच्या बेटावरून खाडी ओलांडली की इंग्लंडचा किनारा लागतो, तिथे गॉस्पोर्टला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीला, डल्सीला, त्याच्या नकळत बोलवायचं, ही कल्पनाही माझीच. मला कल्पना सुचतात. आमच्या घराण्यात हा आजार आणखी कुणाला नाही.

डल्सी आली. जांभळा कोट, हातात लांब दांड्याची काळी छत्री. रुबेनने तिला बघितलं आणि त्याच्या हातातली बशी तिरकी झाली. मला वाटलं, आनंद झाला. मी माईक घेऊन पुढे सरसावलो.

"डल्सी, गावाला एक सांगा. आपला रुबेन नेमका कुठल्या घरात जन्मला? तिथे पाटी लावायचा विचार आहे."

"घर?" डल्सी म्हणाली. "कसलं घर? हा बोटीवर झालाय."

हॉलमध्ये कुणीतरी चहा ढवळत होतं, ते थांबलं.

"मी सहा वर्षांची होते. आई मला घेऊन पोर्ट्समथला बाबागाडी आणायला गेली होती, बेटावर महाग मिळायची म्हणून. परत येताना आगबोटीतच कळा सुरू झाल्या. बोटीवरच्या चहावालीने सुटका केली हो! मग नव्या गाडीत घातला आणि बेटावर, राइडच्या धक्क्यावरून ढकलत आणला. काय गाडी होती! हिरवी, वर झालर."

"बेटाच्या जवळ आली असेल ना बोट?" मी विचारलं. माईक अजून माझ्याच हातात होता.

"छे! पोर्ट्समथ बंदरातला घंटेचा मनोरा अजून दिसत होता."

रुबेनने बशी टेबलावर ठेवली, टोपी घेतली आणि निघून गेला. आणि मी, शहाणा, माईकमध्ये म्हणालो, "टाळ्या."

आता यात एवढं काय झालं, हे कळायला रुबेन कळायला हवा.

अस्सल बेटकराला आम्ही बुचडोक्या म्हणतो. त्याच्या डोक्यात बूच असतं, त्यामुळे तो पाण्यात बुडत नाही, अशी समजूत. बुडालेल्या बुचडोक्यांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरलेली आहेत, पण तो विषय कुणी काढत नाही. जो खाडी ओलांडून आला तो पलीकडचा. पन्नास वर्षं राहिला, इथे कर भरले, इथे दात पडले, तरी पलीकडचा. आणि कोण बुचडोक्या, कोण पलीकडचा, याचा निवाडा करणारं एकच कोर्ट गावात होतं. ते रोज संध्याकाळी पबच्या खिडकीशी अर्धा पाइंट बिअर घेऊन बसायचं.

रुबेनचा निवाडा कानापासून सुरू व्हायचा. नवा माणूस दिसला की तो म्हणायचा, "जरा मान वळव, पोरा." आमच्याकडे सगळ्यांनाच 'पोरा' म्हणतात, सत्तरीच्या माणसालासुद्धा. मग कानामागे बघून तो मान हलवायचा. "खूण नाही. पलीकडचा." कसली खूण, हे त्याने कधी सांगितलं नाही. माझ्या कानामागे त्याने तीनदा पाहिलं होतं. माझा बाप बेटावरचा, आई साउथॅम्प्टनची. "अर्धा," असा निकाल लागला. "अर्धं बूच. तू बुडशील, पण वेळ लागेल."

नोकरी त्याने आयुष्यभर रस्त्याची केली. चेलपासून ब्राइस्टनच्या पुढे जाणारा किनाऱ्याचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर त्याचे हाल ठाऊक असतील. कड्याखाली निळी चिकणमाती आहे. तिला आम्ही घसरडी म्हणतो. पाऊस मुरला की ती निघते समुद्राकडे, आणि वरची शेतं, कुंपणं, रस्ता, सगळं अंगावर घेऊन निघते. रुबेनच्या टोळीने डांबर घालायचं, घसरडीने ते न्यायचं. निवृत्तीच्या दिवशी तो म्हणाला होता, "मी बांधलेला सगळा रस्ता जागेवर आहे. फक्त जागा खाली गेली आहे."

त्याची बाग त्याच वाटेने गेली. आधी सफरचंदं गेली, मग कांद्यांचा वाफा, मग कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्या मात्र वेळेवर उडाल्या. शेड त्याने तीनदा मागे आणली. आता ती स्वयंपाकघराच्या खिडकीला इतकी चिकटली आहे की चहा करताना त्याला फावडं दिसतं. पण गावात कुणी "रुबेन, बाग कमी झाली" म्हणालं की तो चिडायचा. "कमी कशाने? बाग आहे तिथेच आहे. तिच्यावर सध्या पाणी आहे."

शिवेचंही त्याचं तेच. आमच्या शिवेचा समुद्राकडचा धोंडा माझ्या जन्माआधी कड्यावरून खाली गेला. तो आता किनाऱ्यावर वाळूत रुतलेला आहे, मोठ्या ओहोटीला दिसतो. गावाने ठराव केला की शीव मागे घ्यावी, कड्याच्या काठाशी. रुबेन उभा राहिला. "एक इंचही नाही! धोंडा पडला, शीव पडलेली नाही." तेव्हापासून दर वर्षी तो कड्याच्या टोकाशी जातो, कुणीतरी मागून त्याचा कमरेचा पट्टा धरतं, तो पुढे झुकतो आणि जिथे धोंडा होता त्या दिशेने हवेत काठी मारतो. खाली गल पक्षी ओरडतात. मग आम्ही पुढे जातो.

पट्टा धरायचं काम मिस्टर पार्गेटर यांचं. हे इंग्लंडात पार आतल्या सरेहून आलेले निवृत्त दंतवैद्य, उंच, नम्र, आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघणारे. गावात येऊन दुसऱ्याच वर्षी त्यांनी सभेत विचारलं होतं, "काठी धरायची संधी इतरांनाही मिळावी का?" झालं. पुढच्या सभेत रुबेनने नियम आणला: विलोची काठी बेटावर जन्मलेल्यानेच धरावी. नियम एकमताने मंजूर झाला, कारण पलीकडच्यांना हात वर करायची भीती वाटली आणि बुचडोक्यांनी वर केले. पार्गेटरांना सांत्वन म्हणून पट्टा मिळाला.

तर असा हा माणूस, आणि मी त्याला गावासमोर खाडीत बुडवून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो शेडच्या दारात बसून उद्याची काठी सोलत होता. डल्सी आत स्वयंपाकघरात होती. तिच्या हातच्या भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो माफीचा वाटत नव्हता.

"रुबेन," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"तुला काय माहीत असतं, पोरा? मला माहीत होतं."

"तुम्हाला?"

"म्हणजे काय! दर वाढदिवसाला आई त्या गाडीचं सांगायची. मग तंबी द्यायची, बाहेर बोलायचं नाही." त्याने सालीची लांब पट्टी काढली. "नियम करणाऱ्याला कोण विचारतो, तू कुठे जन्मलास म्हणून? तीस वर्षं कुणी विचारलं नाही. तू विचारलंस. माईक घेऊन."

आतून डल्सी म्हणाली, "मला कुणी सांगितलं होतं का की हा अजून लपवतोय? पंचाहत्तरीला आला!"

"त्र्याहत्तर!" रुबेन ओरडला.

आता माझी अक्कल बघा. मी बेटावरच्याच न्यूपोर्टच्या कॉलेजात भूगोल घेतला होता. किनाऱ्याची धूप या विषयात नापास झालो. पडत्या कड्यावर वाढलेला मुलगा त्यात नापास झाला, म्हणून सरांनी माझा पेपर दुसऱ्या वर्गात वाचून दाखवला होता. पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती, आणि ती मला त्या क्षणी आठवली.

"रुबेन, तुम्हीच म्हणता ना, जमीन गेली तरी ती आपलीच, तिच्यावर फक्त पाणी आहे?"

"आहेच."

"मग ऐका. खाडी आधी खाडी नव्हती. तिथे नदी होती. दोन्ही बाजूंना जमीन, जंगल. बेट आणि पलीकडचं सगळं एकच होतं. समुद्र नंतर आत आला. म्हणजे तुमची बोट जिथे होती तिथे खाली आपलीच जमीन. तुम्ही बेटावरच जन्मलात. फक्त वर पाणी होतं!"

मी स्वतःवर इतका खूश कधीच झालो नव्हतो. रुबेनने सोलणं थांबवलं. माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येतंय.

"ती जमीन कुठपर्यंत होती?" त्याने विचारलं.

"सलग. पार पोर्ट्समथपर्यंत. त्याच्याही पुढे."

"म्हणजे पोर्ट्समथही आपलं."

"एका अर्थी."

"गॉस्पोर्ट?"

"तेही."

"आणि सरे?"

मी सालींचा ढीग पायाने सारखा केला.

"म्हणजे तो दातवाला बुचडोक्या!" रुबेन उभा राहिला. "मला बेटावर आणायला तू अख्खं इंग्लंड बेटावर आणतोस? अरे, मग राहिलं कोण बाहेर? बोटी कशाला चालवायच्या? नको मला तसला जन्म. मी पलीकडचा. ठीक आहे. पण पोर्ट्समथ बेटावर येणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही."

"मग उद्या?"

"उद्या काठी मी धरणार नाही. नियम आहे." तो परत बसला. मग सालीची पट्टी बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या टोकाशी गेलं की बागेवरून वारा येतो. अजूनही. दुसरीकडून येत नाही तसा."

त्याची बाग आणि तो धोंडा एकाच रेषेत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भूगोलात नापास झालो ते उगाच नाही.

गुरुवारी सकाळी चर्चपाशी चाळीसेक माणसं जमली. वारा होता, ऊन होतं, पश्चिमेला फ्रेशवॉटरचे पांढरे कडे धुतल्यासारखे दिसत होते. रुबेन आला, टोपीला नेहमीची फीत न लावता. काठी त्याने गावसभेच्या अध्यक्ष मिसेस म्यू यांच्या हातात दिली.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

"हो, पण धरणार कोण?" मिसेस म्यू यांनी गर्दीकडे पाहिलं. "इथे बेटावर जन्मलेले हात वर करा."

आणि तेव्हा आम्हाला कळलं की हॉक्सवेल कुणाचं आहे. कुणी केंटचं, कुणी लीड्सचं, एकजण तर वेल्सचा. मिसेस म्यू यांनी स्वतःचा हात वर केला आणि लगेच दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला. मग एकच हात उरला, तो अर्धा वर होता, आणि तो माझा होता.

"हा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"न्यूपोर्टच्या दवाखान्यात जन्मलाय," मिसेस म्यू म्हणाल्या. "मी त्याच्या आईला द्राक्षं नेली होती."

काठी माझ्याकडे आली. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला समजली. सत्कार, बहीण, माईक, आणि आता काठी. एवढा मोठा डाव मला रचता येत असता तर मी कॅराव्हॅनच्या, म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांच्या चाकांवरच्या घरांच्या, तळावर नोकरी केली असती का? माझी नोकरी अशी, की कडा जवळ आला की दर हिवाळ्यात कॅराव्हॅनची पुढची रांग मागे ओढायची. म्हणजे मला उंचीची भीती वाटते आणि मी पगार घेऊन दर वर्षी तिच्यापासून मागे सरकतो. डाव रचणारी माणसं अशी नसतात.

पहिले धोंडे ठीक गेले. मी ठोकत गेलो, लोक "हो!" म्हणत गेले. धोंड्यापाशी एकाला उचलून त्याचं बूड धोंड्यावर आपटायचीही रीत आहे, म्हणजे शीव कुठे आहे ते जन्मभर लक्षात राहतं. गावात तिशीच्या आतला मी एकटाच, त्यामुळे आपटायला दर वर्षी मीच. त्या दिवशी जरा जास्तच जोराने आपटला गेलो. रुबेन मागे, डल्सीचा हात धरून चालत होता. की डल्सी त्याचा धरून, सांगता येणार नाही. दोघंही एकमेकांना सावकाश चाल म्हणून रागवत होती.

मग कडा आला.

पार्गेटरांनी माझा पट्टा धरला. "निर्धास्त राहा," ते म्हणाले. मी गवताच्या काठावर, चांगला दोन हात अलीकडे उभा राहून जमिनीवर काठी ठोकली.

"तिथे नाही!" रुबेन ओरडला.

"कुठे?"

"पुढे! पुढे!"

मी एक पाऊल टाकलं. खाली न बघायचं ठरवलं आणि बघितलं. लालसर कडा, त्यातून ओघळलेली निळी माती, तिच्याखाली पांढरी लाट. टाकलेलं पाऊल मी परत घेतलं.

"झुक की लेका! डावीकडे! चर्चचा मनोरा पाठीला घे. तो मनोरा नव्हे, ती पार्गेटरची टोपी आहे!"

"मी हललो का?" पार्गेटरांनी विचारलं.

"तुम्ही नाही, हा हलतोय! अरे हवेत मार! हवेत, पोरा, हवेत!"

मी डोळे मिटले आणि हवेत मारली. इतक्या जिवावर उदार होऊन मारली की ती हातातून सुटली. डोळे उघडले तेव्हा काठी सावकाश फिरत खाली जात होती आणि दोन गल तिच्यामागे, खाऊ समजून.

कुणी "हो!" म्हणालं नाही.

"गेली," मिसेस म्यू म्हणाल्या.

मला मागे ओढून पार्गेटरांनी गवतावर बसवलं. रुबेन काठापर्यंत आला आणि खाली बघत उभा राहिला. त्याच्या हाताला काय करावं सुचत नव्हतं. तो नुसता उघडा होता आणि बोटं काहीतरी धरल्यासारखी वळलेली होती. सगळी फेरी थांबली होती. हा धोंडा न ठोकता पुढे जायचं म्हणजे शीव मागे घेतल्यासारखंच, हे पलीकडच्यांनाही कळत होतं.

पार्गेटर खाकरले. "मिसेस म्यू, नियमात शब्द नेमके काय आहेत?"

"विलोची काठी बेटावर जन्मलेल्यानेच धरावी."

"विलोची," पार्गेटर म्हणाले. "मला चांगलं आठवतं. त्या दिवशी मी लक्ष देऊन ऐकत होतो." मग ते डल्सीकडे वळले. "बाईसाहेब, आपली छत्री कशाची आहे?"

"दांडा बीचच्या लाकडाचा आहे," डल्सी म्हणाली. "गॉस्पोर्टला घेतली. का?"

"छत्रीबद्दल नियम नाही," पार्गेटर म्हणाले, आणि रिकाम्या हाताने रुबेनच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "मी धरू का, नेहमीसारखं?"

रुबेनने त्यांच्याकडे पाहिलं. मग छत्रीकडे. ती पलीकडची, तिची मालकीण पलीकडची, पट्टा धरणारा पलीकडचा, आणि कालपासून तो स्वतःही. त्याच्या तोंडात काहीतरी आलं होतं, बहुधा शिवी. ती त्याने गिळली.

"घट्ट धर, दातवाल्या," तो म्हणाला.

"मी कधी सैल धरला आहे?"

रुबेन झुकला. मनोरा पाठीला घेतला, पूर्वेच्या डोंगरावरचा मिरीदाणीच्या आकाराचा जुना दीपस्तंभ डाव्या खांद्यावर घेतला, छत्री लांबवली आणि मारली. एकदाच. हवेत काहीही नव्हतं, पण मी शपथेवर सांगतो, ती कशावर तरी बसल्यासारखी थांबली.

"हो!" सगळे ओरडले. डल्सी सगळ्यात मोठ्याने. मग म्हणाली, "छत्री वाकवू नको."

तो लगेच मागे आला नाही. वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर तसाच राहिला, पट्ट्याने टांगल्यासारखा. पार्गेटरांनीही घाई केली नाही.

पबमध्ये त्या दुपारी कोर्ट भरलं. रुबेन खिडकीशी बसला. एक नवा पाहुणा आत आला तेव्हा आम्ही सगळे बघत होतो. रुबेनने त्याच्या कानाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मग पाइंटमध्ये घातलं. ती जागा आता जरा शांत झाली आहे. मला ते बरं वाटतं असं नाही.

नियम पुढच्या सभेत बदलावा असं पार्गेटरांनी सुचवलं. रुबेनने विरोध केला. नियम राहिला. येत्या वर्षी विलोची काठी माझ्याकडे आणि छत्री त्याच्याकडे, असं ठरलं आहे. डल्सीने छत्री इथेच ठेवली आहे, "परत नेते" असं दर भेटीत म्हणून.

माझ्याकडे मात्र एक बाकी आहे. समुद्राकडच्या धोंड्यावर मला आपटायचं अजून राहिलं आहे. धोंडा खाली गेल्यापासून तिथलं आपटणं सुटलंच होतं, पण रुबेन म्हणतो की आता सूट नाही. ज्याने काठी खाली टाकली त्याने खाली जाऊन आपटून घ्यायचं, धोंडा आहे तिथे, ओल्या वाळूत, गावासमोर. मी कबूल केलं. चार माणसं साक्षीला होती.

तेव्हापासून तो तळावर येतो, मी कॅराव्हॅन ओढत असतो, तो कुंपणाशी थांबतो आणि काठाकडे बोट दाखवतो.

"भरती आहे, रुबेन," मी म्हणतो.

तो समुद्राकडे बघतो. पाणी दूर गेलेलं असतं, वाळू चमकत असते, आणि तिच्यात तो धोंडा काळाभोर दिसत असतो.

"हो," तो म्हणतो. "बरीच आहे."